सूक्ष्मजीवांची विविधता: नावं पाठ करण्याआधी पोटापाणी विचारा

अकरावीत किंवा एफवायबीएस्सीला सूक्ष्मजीवांचा धडा आला की बहुतेक मुलं वहीत यादी करायला बसतात. नॉस्टॉक, ॲनाबिना, रायझोबियम, क्लॉस्ट्रिडियम, मिथॅनोबॅक्टेरियम, युग्लीना, म्युकर... चाचणीपर्यंत यादी लक्षात राहते, सहामाहीपर्यंत उडून जाते. हा आळशीपणाचा दोष नाही. वाघ आणि मोर वेगळे आहेत हे कुणी पाठ करत नाही, कारण ते दिसतं. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत डोळ्यांचा उपयोग फार थोडा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काड्या दिसतात. एक आपल्या आतड्यातला ई. कोलाय असतो, दुसरी गोबरगॅसच्या टाकीतली मिथेन बनवणारी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या घराण्यातल्या जीवांपैकी एक. दिसायला जवळपास सारख्याच, पण वंशावळीत त्या दोघींमधलं अंतर माणूस आणि अळंबी यांच्यातल्या अंतराहून मोठं आहे.

वेगळेपण आहे ते पोटापाण्यात. कोण कशावर जगतं, ऊर्जा कुठून मिळवतं, कशाने श्वास घेतं, इथे खरी विविधता आहे. म्हणून अभ्यासाचा क्रम उलटा करायचा: आधी नकाशा, मग मोजमाप, मग पोटापाणी आणि नावं त्यानंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. सगळ्या सारख्या वेळ खाणाऱ्या नाहीत. तिसरीला आणि चौथीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पायरी 1: नकाशा काढा, तोही न बघता

गोंधळाची पहिली जागा म्हणजे वर्गीकरण. पुस्तकात व्हिटेकरची पाच सृष्टींची पद्धत असते, 1969 सालची: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. पुढच्या पानावर किंवा यूट्यूबवर तीन अधिक्षेत्रं (डोमेन, म्हणजे सृष्टीहूनही वरचे गट) भेटतात: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. मग मुलं विचारतात, बरोबर कोणतं?

व्हिटेकरने पेशीची रचना, शरीराची गुंतागुंत आणि पोषणाची पद्धत पाहून गट पाडले. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये वेगळीच वाट धरली. त्यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली, आणि ज्यांना सगळे सरसकट जिवाणू म्हणत होते त्यांच्यातच दोन अगदी वेगळी घराणी निघाली. 1990 मध्ये वूज, कँडलर आणि व्हीलिस यांनी तीन अधिक्षेत्रांची मांडणी केली. म्हणजे व्हिटेकरच्या मोनेरा या एका खोक्यात दोन अधिक्षेत्रं कोंबलेली आहेत. एवढं कळलं की दोन्ही पद्धती एकाच पानावर मावतात. परीक्षेत पाच सृष्टी विचारल्या तर पाचच लिहा, तिथे वूजला आणून वाद घालू नका. नातीगोती समजून घ्यायला मात्र तीन फांद्यांचं झाड मनात ठेवा.

आता कोऱ्या कागदावर ते झाड काढा. तीन फांद्या, आणि सूक्ष्मजीव जिथे जिथे आहेत तिथे रंग भरा. बॅक्टेरियाची फांदी पूर्ण रंगेल, आर्कियाचीही पूर्ण. युकॅरियाचाही बराच भाग रंगेल: डायाटम, अमीबा, पॅरामेशियम, प्लाझ्मोडियम, यीस्ट. वनस्पती आणि प्राणी एका बाजूच्या दोन डहाळ्यांवर उरतील. ‘सूक्ष्मजीव’ हा आकारावरून पाडलेला गट आहे, नात्यावरून नाही, हे त्या रंगवलेल्या कागदावर दिसतं.

झाडाशेजारी तिन्ही फांद्यांचे मोजके फरक लिहा. बॅक्टेरियाच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन (शर्करा आणि अमिनो आम्लांची जाळी) असतं, आर्कियात नसतं. आर्कियाच्या पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ ईथर बंधांनी जोडलेले असतात, बाकी दोघांत एस्टर बंधांनी. केंद्रक फक्त युकॅरियात. रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कण) पहिल्या दोघांत 70एस, युकॅरियाच्या पेशीद्रवात 80एस; एस हे कण किती वेगाने तळाशी बसतो याचं एकक. मग हे फरक वापरून स्वतःला प्रश्न घाला. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनच्या बांधणीत अडथळा आणतं. तर ते मायकोप्लाझ्मावर चालेल का? नाही, त्याला भित्तिकाच नसते. यीस्टवर? नाही, त्याच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही. आर्कियावर? उत्तर तुम्हीच द्या. असे चार प्रश्न सोडवले की तक्ता वेगळा पाठ करावा लागत नाही.

पायरी 2: आकाराचा अंदाज हातात आणा

ही पायरी एका संध्याकाळची आहे, तरी वगळू नका. मायक्रोमीटर आणि नॅनोमीटर हे शब्द बहुतेकांच्या डोक्यात हवेतच राहतात. एक मायक्रोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर असं प्रमाण धरा आणि घराच्या भिंतीवर खडूने आखा. करोनाचा विषाणू साधारण एक मिलिमीटरचा ठिपका होईल. ई. कोलाय दोन सेंटिमीटरची काडी. तांबडी रक्तपेशी सात-आठ सेंटिमीटरची चकती. पॅरामेशियमला दोन मीटरच्या आसपास भिंत लागेल, म्हणजे आईची परवानगीही लागेल.

हे प्रमाण डोळ्यांत बसलं की रायबोसोम, कशाभिका, विषाणू यांच्या आकृत्या काढताना हात चुकत नाही. आणि एक अपवाद गाठीला ठेवा: थायोमार्गारिटा मॅग्निफिका. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला हा जिवाणू 2022 मध्ये जगासमोर आला. त्याची एक पेशी सुमारे एक सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. ‘जिवाणू नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसत नाहीत’ असं विधान चूक की बरोबर विचारलं, तर आता उत्तर देता येईल.

पायरी 3: प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: ऊर्जा कुठून मिळवतोस, प्रकाशातून की रसायनांतून? दुसरा: शरीर बांधायला कार्बन कुठून आणतोस, कार्बन डायऑक्साइडमधून की इतरांनी बनवलेल्या सेंद्रिय पदार्थांतून?

दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरं, म्हणजे चार चौकटी. प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड: इथे नॉस्टॉक, ॲनाबिना यांसारखे सायनोबॅक्टेरिया. प्रकाश आणि सेंद्रिय कार्बन: ऱ्होडोबॅक्टरसारखे जांभळे जिवाणू. रसायनं आणि कार्बन डायऑक्साइड: नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर. रसायनं आणि सेंद्रिय कार्बन: ई. कोलाय, लॅक्टोबॅसिलस, सगळ्या बुरश्या, अमीबा आणि तुम्ही-आम्ही.

आता यात प्राणी आणि वनस्पती कुठे बसतात ते बघा. मुंगीपासून देवमाशापर्यंत सगळे प्राणी एकाच चौकटीत. वनस्पती जवळपास सगळ्या दुसऱ्या एका चौकटीत. चारही चौकटी भरतात त्या जिवाणूंनी. ‘सूक्ष्मजीवांतील चयापचयाची विविधता’ यावर पाच गुणांचं टिपण आलं तर ही आकृती आणि हा मुद्दा पुरेसा आहे.

तिसरा प्रश्न हळूच जोडा: ऑक्सिजन चालतो का? नायट्रोबॅक्टरला तो लागतो. ई. कोलायला असला तरी चालतो, नसला तरी. क्लॉस्ट्रिडियमला आणि मिथेन बनवणाऱ्या आर्कियाला तो विषासारखा.

या तिन्ही प्रश्नांची परीक्षा घेण्यासाठी नायट्रोजन चक्रासारखं दुसरं साधन नाही. पुस्तकातली आकृती झाका आणि प्रत्येक बाणावर कामगार बसवा: हवेतला नायट्रोजन अमोनियात आणणारा रायझोबियम, अमोनियाचं नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास, नायट्राइटचं नायट्रेट करणारा नायट्रोबॅक्टर, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून पुन्हा हवेत सोडणारे डीनायट्रिफायर. मग प्रत्येकाजवळ लिहा, त्याला यातून काय मिळतं? नायट्रोसोमोनास शेतकऱ्यावर उपकार करायला अमोनिया जाळत नाही. ते त्याचं इंधन आहे. रसायनांच्या ऊर्जेवर असं जगता येतं ही गोष्ट सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात दाखवली. पाणी साचलेल्या शेतात नत्र का वाया जातं हेही मग आपोआप सुटतं: ऑक्सिजन संपला की डीनायट्रिफायर नायट्रेटने श्वास घेऊ लागतात.

पायरी 4: एक बाटली चिखल

विनोग्राड्स्कीच्याच नावाने ओळखला जाणारा स्तंभ घरी लावता येतो. माझ्या मते या धड्यासाठी यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक नाही, आणि खर्च जवळपास शून्य.

एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या. तळं, भातखाचर, नदीचा काठ किंवा खाडीकाठ, जवळ असेल तिथला काळसर चिखल आणा. गटाराचा नको. त्यातले दगड-काटक्या काढा. एक-तृतीयांश चिखलात मूठभर बारीक फाडलेला वर्तमानपत्राचा कागद मिसळा, तो सेल्युलोज म्हणून. सोबत चमचाभर जिप्सम किंवा उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक, तो गंधकासाठी. हे मिश्रण तळाशी घाला. त्यावर साधा चिखल भरा, बाटली पाऊण होईपर्यंत. वर त्याच जागचं दोन-तीन बोटं पाणी. काडीने ढवळून आतली हवा काढा. तोंडावर प्लास्टिकचा कागद सैलसर बांधा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. बाटली खिडकीत ठेवा, उजेड मिळेल पण दुपारचं कडक ऊन लागणार नाही अशी.

शेजारी तशीच दुसरी बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. हे टाळू नका. अर्धं शिक्षण त्या दुसऱ्या बाटलीत आहे.

पहिले काही दिवस काहीच होत नाही. मग हळूहळू, सहा ते आठ आठवड्यांत, पट्टे उमटू लागतात. वरच्या पाण्यात आणि चिखलाच्या माथ्यावर हिरवट थर येतो: सायनोबॅक्टेरिया आणि शैवाल, ऑक्सिजन बनवणारे. खाली कुठे तांबूस, कुठे जांभळट, कुठे हिरवे डाग: प्रकाशसंश्लेषण करणारे पण ऑक्सिजन न सोडणारे जिवाणू. त्यांतले गंधकवाले जिवाणू पाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. तळ काळा पडतो, कारण सल्फेटने श्वास घेणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि ते चिखलातल्या लोहाशी संयोग पावून काळं आयर्न सल्फाइड बनतं. सगळ्या बाटल्यांत सगळे रंग येतीलच असं नाही; चिखलात मुळात कोण होतं यावर ते ठरतं.

दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो काढा आणि त्याखाली लिहा: या पट्ट्यातला जीव कोणत्या चौकटीतला? त्याच्या वरचा पट्टा त्याला काय देतो, खालचा काय देतो? काळ्या कागदातल्या बाटलीत कोणते पट्टे आलेच नाहीत, आणि तळ तरीही काळा का पडला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं तर तिसरी पायरी पक्की झाली.

एक इशारा. बाटलीला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि तो वायू विषारी आहे. इतक्या थोड्या प्रमाणात धोका कमी, तरी बंद खोलीत उघडून हुंगत बसू नका. आटलेलं पाणी भरायचं तर गॅलरीत किंवा अंगणात. नंतर हात साबणाने धुवा. काम संपल्यावर चिखल मातीत पुरा.

पायरी 5: बारा-पंधरा ओळखीचे जीव निवडा

नावांची वेळ आता आली. सगळी एकदम नकोत. बारा-पंधरा जीव असे निवडा की नकाशाची प्रत्येक फांदी आणि चारही चौकटी भरतील. प्रत्येकाचं एक कार्ड: अधिक्षेत्र, ऊर्जा आणि कार्बन, ऑक्सिजन, भित्तिका, कुठे सापडतो. आणि शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची: ‘हा कशाशी गल्लत होण्याजोगा आहे?’

आपल्या भागात अशी कार्डं भरायला भरपूर मिळतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेल्या या विवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, पीएच 10 च्या आसपास. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा बातम्या गाजल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगामागे मीठप्रेमी आर्किया असल्याचं सांगितलं. पाण्याची पातळी घटून खारटपणा वाढला की त्यांची चंगळ होते. या कार्डासोबत एक कोडं जोडा. याच घराण्यातल्या हॅलोबॅक्टेरियमकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. ते प्रकाशातून ऊर्जा मिळवतं, पण हरितद्रव्य नाही आणि कार्बन डायऑक्साइड पकडणंही नाही. मग चौकट कोणती? तो दोन चौकटींच्या रेषेवर बसतो: खातो सेंद्रिय अन्न, त्याला प्रकाशाची जोड. आणि नावात ‘बॅक्टेरियम’ असूनही तो बॅक्टेरिया नाही. आटत आलेल्या मिठागरांतला तांबूस रंगही अशाच आर्कियांचा असतो, कधी ड्युनालिएला नावाच्या शैवालाचा. रंग तोच, अधिक्षेत्र वेगळं.

शेतात भुईमूग, सोयाबीन किंवा तूर असेल तर पावसाळ्यात एक झाड मुळांसकट अलगद उपटा, ओढून नव्हे, खणून. मुळांवरच्या गाठी ब्लेडने चिरा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर गाठ कामात आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. नायट्रोजन स्थिर करणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन हवाच. म्हणून तो मोजून पुरवण्याची ही सोय. आत पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ कोवळी आहे किंवा म्हातारी.

दह्याच्या कार्डावर लॅक्टोबॅसिलस लिहून थांबू नका. विरजणात गोलाणूही असतात, लॅक्टोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस, आणि घरोघरचं मिश्रण वेगळं. इडलीच्या पिठाला फुगवणारा मुख्यतः ल्युकोनॉस्टॉक. त्याची नॉस्टॉकशी गल्लत करणारे दरवर्षी भेटतात. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात तेव्हा बहुधा नॉक्टिल्युका असतो. तो जिवाणू नाही, केंद्रक असलेला एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट आहे.

आणि एक परदेशी पाहुणा हवाच: थर्मस ॲक्वाटिकस. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी 1960 च्या दशकात तो मिळवला. त्याचं उष्णता सोसणारं विकर पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राचा आधार झालं. हा बॅक्टेरिया आहे, आर्किया नाही. ‘गरम झऱ्यात राहतो म्हणजे आर्किया’ हे समीकरण मोडायला तो कार्डांत असू द्या.

पायरी 6: ग्रॅमरंजन, कारणांसकट

हान्स क्रिस्टियान ग्रॅमने 1884 मध्ये मांडलेली, जिवाणूंचे दोन गट रंगावरून ओळखण्याची ही पद्धत प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत हमखास येते. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रनिन हा क्रम सगळ्यांना येतो. तोंडी परीक्षेत ‘का’ विचारतात. आयोडीन जांभळ्या रंगाशी मोठं संयुग बनवतं. अल्कोहोलने जाड पेप्टिडोग्लायकनची जाळी आकसते आणि रंग अडकून राहतो. पातळ भित्तिकेच्या पेशींचं बाहेरचं पटल विरघळतं आणि रंग वाहून जातो. त्यांना मग सॅफ्रनिनची गुलाबी छटा.

घोटाळा होतो तो अल्कोहोलच्या पायरीत. जास्त वेळ धरलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तिकेचे, जांभळे राहायला हवेत तेही गुलाबी दिसतात. जुन्या वाढीतले जिवाणू घेतले तरी तेच होतं. दह्याचं लेपन सरावाला उत्तम: जांभळ्या काड्या आणि गोलाणूंच्या माळा एकाच दृश्यात मिळतात. क्षयाचा जिवाणू मात्र या रंगांना नीट दाद देत नाही, त्याच्या भित्तिकेत मेणासारखे पदार्थ आहेत. त्यासाठी झील-नील्सन पद्धत.

पायरी 7: नावं बदलतात, घाबरू नका

इंटरनेटवर शोधताना पुस्तकात नसलेली नावं दिसतील. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची (जीनसची) फोड होऊन वीसहून अधिक नव्या प्रजाती झाल्या. 2021 मध्ये संघांची (फायलमची, म्हणजे मोठ्या गटांची) नावं बदलली: प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनॅडोटा, फर्मिक्युट्सचं बॅसिलोटा. परीक्षेत पाठ्यपुस्तकातलं नाव लिहा, कार्डाच्या मागे नवं टिपून ठेवा. हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती (स्पीशीज) यांना स्वतंत्र अधोरेखा द्या, सलग एक रेघ ओढू नका.

उजळणीसाठी कार्डं पिसा आणि दोन-दोन उचला. मायकोप्लाझ्मा आणि मायकोबॅक्टेरियम आले, तर फरक आणि साम्य तोंडी सांगा: एकाला भित्तिका नाही, दुसऱ्याची मेणचट. सायनोबॅक्टेरिया आणि शैवाल आले, तर केंद्रकापासून सुरुवात करा. तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकलेली जोडी गठ्ठ्यात वर ठेवा. नुसतं वाचत राहिलं की सगळं ओळखीचं वाटतं. कागद कोरा ठेवून आठवलं की काय येतं आणि काय नाही ते कळतं.

पायरी 8: विषाणू सगळ्यात शेवटी

पुस्तकात ते आधी आले तरी शेवटी घ्या. वर केलेलं कार्ड विषाणूसाठी भरायला गेलात तर अधिक्षेत्र कोरं, ऊर्जा-कार्बन कोरं, ऑक्सिजन कोरं. त्याला रायबोसोम नाही, स्वतःचा चयापचय नाही. सगळं यजमान पेशीकडून. त्यामुळे विषाणूंचं कार्ड वेगळं करा: डीएनए की आरएनए, एकपदरी की दुपदरी, बाहेर आवरण आहे की नाही, यजमान कोण. बॅक्टेरिओफाज (जिवाणूंना ग्रासणारा विषाणू), तंबाखूचा मोझॅक विषाणू, एचआयव्ही आणि करोना ही चार कार्डं सुरुवातीला पुरतात.

इतिहासाचे टप्पे तंबाखूच्या त्या एकाच रोगावर ओवता येतात. 1892 मध्ये इव्हानोव्स्कीने दाखवलं की रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गेला तरी संसर्ग करतो. 1898 मध्ये बायेरिंकने त्याला सजीव संसर्गजन्य द्रव म्हटलं. 1935 मध्ये स्टॅनलीने त्याचे स्फटिक मिळवले. डीनरने 1971 मध्ये बटाट्याच्या रोगात शोधलेले व्हायरॉइड त्यापुढे ठेवा: नुसता आरएनए, प्रथिनाचं कवचही नाही. प्रिऑन याच्या उलट, नुसतं प्रथिन, न्यूक्लिइक आम्लच नाही. या तिघांचा तीन रकान्यांचा तक्ता करून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा. एका गुणाच्या प्रश्नांत हे तिघं अदलाबदल करून विचारले जातात.